कॉनव्हर्स बेसिनमधले तरुण वन

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर, किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत, कॉनव्हर्स बेसिन नावाचा टेकड्यांनी वेढलेला खोलगट प्रदेश आहे. आकारमानाने पृथ्वीवरचा सर्वांत मोठा वृक्ष म्हणजे जायंट सिकोया. त्याची नैसर्गिक वने साऱ्या जगात या एकाच पर्वताच्या पश्चिम उतारावर, सत्तर-ऐंशी ठिकाणी विखुरलेली आहेत. त्यांपैकी कॉनव्हर्स बेसिनमधले वन एके काळी सर्वांत मोठे असावे, असे जाणकार मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी, अवघ्या पंधरा-वीस वर्षांत, ते जवळपास सगळे तोडले गेले. आज तिथे जाणाऱ्याला मात्र उजाड माळ दिसत नाही. कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाइन, फर आणि सिडारच्या जोडीने शंभर-सव्वाशे वर्षांचे सिकोया सरळसोट उभे आहेत. तोडीच्या काळातले राखाडी बुंधे, काही वीस-वीस फूट रुंदीचे, त्यांच्या दाटीत अधूनमधून दिसतात. हे दृश्य पाहून लोक दोन टोकांची मते बनवतात. कोणी फक्त बुंधे पाहतो आणि इथले सगळे कायमचे संपले म्हणतो. कोणी फक्त हिरवाई पाहतो आणि निसर्गाने जखम भरून काढली म्हणतो. मला दोन्ही मते अपुरी वाटतात. इथे झाडे पुन्हा उगवली हे खरे आहे, आणि ती कशी उगवली हे समजून घेण्यासारखे आहे. पण करवतीने इथून जे नेले ते मुख्यतः वय होते, एकमेकांत मिसळलेली हजारो वर्षांची वये, आणि ते नुकसान मोजायला झाडांची संख्या किंवा हिरवाई हे माप चालत नाही.

हे वन तुटले ते जमिनीच्या वाटपापासून. 1878 च्या टिंबर अँड स्टोन कायद्याने शेतीला अयोग्य, पण लाकूड किंवा दगड असलेली सरकारी जमीन एकरी अडीच डॉलरने विकायला काढली. एका माणसाला 160 एकरांची मर्यादा होती. हेतू छोट्या वसाहतकऱ्याला घरापुरते लाकूड मिळावे असा होता. प्रत्यक्षात पश्चिमेकडच्या कंपन्या भाडोत्री अर्जदार उभे करीत, त्यांच्या नावावर जमीन घेत आणि मग ती आपल्याकडे वळवून घेत. किंग्ज नदीच्या खोऱ्यातली सिकोयाची जमीनही खासगी हातांत गेली. हायरम स्मिथ आणि ऑस्टिन मूर यांनी 1888 मध्ये किंग्ज रिव्हर लंबर कंपनी काढली, मिलवूड इथे लाकडाची गिरणी उभारली आणि 1890 पर्यंत तिथून खाली सपाटीवरच्या सँगर गावापर्यंत 54 मैलांची लाकडी पन्हळ बांधली. पाण्याच्या धारेवर चिरलेल्या फळ्या सोडायच्या, आणि त्या चार हजारांहून अधिक फूट उतरून रेल्वेच्या वखारीत पोचायच्या. पन्हळीच्या वाटेवर ठिकठिकाणी राखणदार राहत, आणि अडकलेल्या फळ्या मोकळ्या करणे हे त्यांचे काम. त्या काळी ही मोठी करामत होती आणि तिला तितकाच मोठा पैसा लागला. म्हणजे एकही सिकोया सँगरला पोचण्याआधी कंपनीच्या डोक्यावर कर्ज होते. 1893 च्या आर्थिक मंदीनंतर ती सँगर लंबर कंपनी या नावाने पुन्हा उभी राहिली. जवळचे लाकूड संपत आले तशी गिरणी डोंगराच्या कड्यापलीकडे, कॉनव्हर्स बेसिनमध्येच नेली गेली. चिरलेला माल वाफेच्या यंत्राने दोरखंडावर कड्यावरून ओढून पलीकडे उतरवावा लागे. त्या कड्याला आजही हॉइस्ट रिज म्हणतात.

तोडीचे तंत्र जवळून पाहिले तर या धंद्याचे गणित उलगडते. सिकोयाचा बुंधा तळाशी फार पसरलेला असतो. तो पसारा टाळण्यासाठी तोड्ये जमिनीपासून कित्येक फूट वर मचाण बांधीत आणि तिथे उभे राहून कुऱ्हाडीने एका बाजूला खाच घेत. ही खाच माणसे आत उभी राहू शकतील एवढी होई. मग मागच्या बाजूने करवत लावायची. एका करवतीची लांबी पुरत नसे, म्हणून दोन-तीन पाती जोडून लांब करवत बनवीत. ती अडकू नये म्हणून मागून पाचरी ठोकत जायचे. एका झाडाला दिवसामागून दिवस लागत. झाड जिथे पडणार तिथे आधी चर खणून फांद्यांची जाड गादी अंथरीत, कारण वयस्क सिकोयाचे लाकूड ठिसूळ असते आणि शेकडो टन वजन आदळले की खोड आडवे-उभे फुटते. गादी घालूनही पुष्कळ खोडे फुटतच. जी शाबूत राहत त्यांचे ओंडके करवतीच्या यंत्रावर मावत नसत, म्हणून सुरुंगाच्या दारूने ते चिरावे लागत, आणि त्यात आणखी लाकूड वाया जाई. निम्म्याहून कितीतरी कमी लाकूड गिरणीपर्यंत पोचत असे, असे अंदाज आहेत, आणि ते पटण्यासारखे आहेत, कारण पुरावा अजून जागेवर आहे. सिकोयाच्या लाकडात कुजण्याला दाद न देणारी द्रव्ये असतात. त्यामुळे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फुटून पडलेली खोडे आजही कॉनव्हर्स बेसिनमध्ये जमिनीवर आहेत आणि त्यांच्या ढलप्या अजून ओळखता येतात. पाइन किंवा फर असता तर हा पुरावा केव्हाच माती झाला असता.

इथे पहिला आक्षेप येतो. कॅलिफोर्निया तेव्हा वाढत होता, शहरे उभी राहत होती, लाकूड हवेच होते. आजच्या सोयीत बसून त्या माणसांना नावे ठेवणे सोपे आहे, असे म्हटले जाते. मजुरांबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. रोजंदारीवर मचाणावर उभे राहून जिवावरचे काम करणाऱ्या माणसांनी हे वन संपवायचे ठरवले नव्हते. पण गरजेचा मुद्दा या विशिष्ट वनाला लागू पडत नाही. घराच्या तुळयांना, पुलांना लागणारे मजबूत लाकूड ठिसूळ सिकोयातून मिळत नव्हते. ते पाइन आणि फर यांतून मिळे. सिकोयाचा वापर झाला तो कुंपणाचे खांब, द्राक्षवेलींच्या मेखा आणि छपराच्या फळकुट्या अशा मालासाठी, म्हणजे कुजू नये पण ताकद नसली तरी चालेल अशा कामांसाठी. हजार-दोन हजार वर्षांचे झाड द्राक्षमळ्यातल्या मेखा होऊन संपले. आणि एवढे करूनही कंपनीला फायदा झाला नाही. मालकी बदलत गेली. 1905 मध्ये टॉमस ह्यूम आणि आयरा बेनेट यांनी धंदा विकत घेतला आणि नवी गिरणी चालवण्यासाठी 1908 मध्ये जॉन ईस्टवुड या अभियंत्याकडून बहुकमानी काँक्रीटचे धरण बांधून ह्यूम तलाव तयार केला. 1917 मध्ये ती गिरणी जळाली आणि धंदा विझत गेला. जमीन कवडीमोलाने हाती आलेली आणि पन्हळीचे कर्ज डोक्यावर, अशा अवस्थेत झाडे उभी ठेवणे कंपनीला परवडत नव्हते. झाड तोडून नफा होवो न होवो, उभे ठेवले तर व्याज थांबत नव्हते. गरजेपेक्षा हा हिशेब इथे निर्णायक ठरला.

त्याच काळात लोकांना या झाडांचे अप्रूप नव्हते असेही नाही. शेजारची जमीन वाचावी म्हणून व्हिसेलिया गावच्या वृत्तपत्राचे संपादक जॉर्ज स्टुअर्ट यांनी चळवळ उभी केली आणि 1890 च्या सप्टेंबरात सिकोया राष्ट्रीय उद्यान, लगेच ऑक्टोबरात जनरल ग्रँट राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. कॉनव्हर्स बेसिन त्यापासून काही मैलांवर होते, पण ती जमीन आधीच खासगी झाली होती. उद्यानाच्या रेषेने एका झाडाला जीवदान दिले आणि शेजारच्याला दिले नाही, आणि ती रेषा झाडांच्या गुणांवरून नव्हे तर खरेदीखतांवरून आखली गेली. 1892 मध्ये याच प्रदेशात ‘जनरल नोबल’ नावाचा प्रचंड सिकोया तोडला गेला. पुढच्या वर्षीच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मांडण्यासाठी त्याच्या खोडाचा तळचा भाग पोखरून, तुकड्यांत विलग करून, रेल्वेने नेऊन तिथे पुन्हा जोडण्यात आला. नाव होते जॉन नोबल यांचे, जे त्या वेळी अमेरिकेचे अंतर्गत व्यवहार खात्याचे सचिव होते, म्हणजे नवी राष्ट्रीय उद्याने ज्यांच्या खात्याकडे आली त्यांचे. प्रदर्शनानंतर ते खोड वॉशिंग्टनमध्ये उभे केले गेले आणि 1930 च्या दशकापर्यंत राहिले. उरलेला उंच बुंधा आज शिकागो स्टम्प या नावाने कॉनव्हर्स बेसिनमध्ये आहे. कौतुक आणि तोड एकाच वेळी, एकाच झाडावर चालू होती. म्हणून ‘लोकांना किंमत कळली नव्हती’ हे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. किंमत कळत होती. ती किंमत तोडीच्या आड येईल अशी व्यवस्था खासगी जमिनीवर नव्हती.

आता दुसऱ्या बाजूला वळू, कारण दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सिकोया हे मुळात उलथापालथीवर जगणारे झाड आहे. त्याचे शंकू हिरवे, बंद अवस्थेत वीस-वीस वर्षे फांदीवर राहू शकतात. वणव्याची धग लागली की ते सुकतात, उघडतात आणि ओटच्या दाण्याहूनही हलके बी मोठ्या संख्येने खाली पडते. ते बी पाल्यापाचोळ्याच्या थरात जगत नाही. त्याला उघडी माती, ऊन आणि पहिल्या उन्हाळ्यात ओल लागते. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, त्याच रीतीने आग या बियांसाठी जमीन तयार करते. तोड झालेल्या जागी नेमके हेच घडले. ओंडके ओढून जमीन उघडी पडली, उरलेल्या फांद्या जाळल्या गेल्या, वरचे छत्र गेल्यामुळे ऊन आले, आणि पाडलेल्या झाडांचेच शंकू सुकून बी देऊन गेले. कॉनव्हर्स बेसिनमधल्या तरुण सिकोयांचे मूळ बहुतांशी तिथे आहे. मग तोड म्हणजे एक मोठा वणवाच होता आणि वनाने त्याला नेहमीसारखे उत्तर दिले, असे का म्हणू नये?

न म्हणण्याचे कारण असे की आगीची निवड आणि करवतीची निवड उलट्या दिशांनी चालते. प्रौढ सिकोयाची साल दोन फुटांपर्यंत जाड असू शकते आणि त्याच्या खालच्या फांद्या जमिनीपासून खूप वर असतात. नेहमीचा वणवा या झाडांच्या पायथ्यातून निघून जातो. फार तर बुंध्यावर काळा घाव ठेवतो. तो मारतो ती लहान, दाटीतली, पातळ सालीची झाडे, आणि इथे-तिथे एखादे मोठे झाड पाडून छत्रात भोक पाडतो. त्या भोकात नवी पिढी उगवते. असे शतकानुशतके चालले की वनात प्रत्येक वयाची झाडे ठिगळाठिगळाने मिसळलेली राहतात. करवतीने सुरुवात केली ती सर्वांत मोठ्या झाडांपासून. आगीने ज्यांना राखले असते त्यांना तिने आधी नेले, आणि अख्ख्या खोऱ्यातली जमीन एकाच वेळी उघडी केली. परिणामी जे उगवले ते जवळजवळ सगळे एका वयाचे आहे. मूळच्या मोठ्या झाडांपैकी शंभराच्या आतच उभी राहिली. त्यांतला बूल वृक्ष प्रसिद्ध आहे. त्याची उंची सुमारे 268 फूट आणि जमिनीलगतचा घेर 113 फूट. कंपनीचा व्यवस्थापक फ्रँक बूल याच्या नावाने तो ओळखला जातो आणि त्यानेच तो राखला अशी कथा सांगतात. किंग्ज नदीच्या दरीच्या काठावर तो उभा आहे आणि त्याच्या भोवती त्याच्या वयाचे क्वचितच कोणी आहे. मधली हजार-पंधराशे वर्षे तिथे गायब आहेत.

ही मधली वर्षे म्हणजे नेमके काय, हे आपल्याला कळते ते तोडलेल्या बुंध्यांमुळेच. येल विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ एल्सवर्थ हंटिंग्टन 1911 आणि 1912 मध्ये या भागात येऊन शेकडो बुंध्यांची वलये मोजून गेले. त्यातून त्यांना जुन्या हवामानाचा मागोवा घ्यायचा होता. अँड्र्यू डग्लस या ॲरिझोनातल्या खगोलशास्त्रज्ञाने त्यांच्यानंतर इथल्या बुंध्यांतून तीन हजारांहून अधिक वर्षांची वलयमाला जुळवली आणि वलयांवरून कालगणना करण्याचे शास्त्र तिच्या आधाराने पक्के होत गेले. वलये मोजून खात्री झालेल्या सिकोयांत सर्वांत जुना नमुना 3,266 वर्षांचा आहे आणि तो कॉनव्हर्स बेसिनमधला एक बुंधा आहे. ते झाड रोप होते तेव्हा आपल्याकडे घोड नदीच्या काठी इनामगावात जोर्वे संस्कृतीचे शेतकरी राहत होते. पुढे 1993 मध्ये टॉमस स्वेटनम यांनी पाच वनांतल्या बुंध्यांवरचे आगीचे घाव वाचून सुमारे दोन हजार वर्षांचा वणव्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात दिसले की एका वनात काही वर्षांच्या अंतराने लहानसहान आगी लागतच होत्या, उष्ण शतकांत अधिक, थंड शतकांत कमी, आणि 1860 नंतर त्या अचानक थांबल्या. मेंढ्यांच्या कळपांनी गवत संपवले, जमिनीला आग लावून वन मोकळे ठेवणाऱ्या मोनो आणि इतर मूळ रहिवाशांना हुसकावले गेले, आणि त्यानंतर सरकारने प्रत्येक आग विझवायला सुरुवात केली. काही जण म्हणतात, तोड झाली नसती तर हे ज्ञान मिळाले नसते. ते खरे आहे, पण तोडीची भरपाई म्हणून ते पुढे करता येत नाही. वाचायला थोडे बुंधे पुरले असते, आज तर पेन्सिलीएवढी सळई काढूनही वलये मोजता येतात. आणि या ज्ञानाचा निष्कर्ष तरी कोणता? हे वन शतकानुशतके मिसळलेल्या वयांचे होते आणि वारंवारच्या हलक्या आगीने ते तसे राहिले होते, हाच. म्हणजे वन बरे झाले म्हणणाऱ्यांच्या विरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा बुंध्यांनीच दिला आहे.

वय एवढे महत्त्वाचे का, असाही प्रश्न विचारता येईल. तरुण सिकोया झपाट्याने वाढतो, मग हजार वर्षांनी सगळे जागेवर येईलच. यात दोन अडचणी आहेत. पहिली, जुने झाड म्हणजे नुसते मोठे केलेले तरुण झाड नव्हे. त्याचा शेंडा कधीतरी तुटलेला असतो, तुटलेल्या जागी नवे खोडासारखे फाटे वर चढलेले असतात, आगीने पोखरलेल्या ढोल्या असतात. कॅलिफोर्निया काँडोर या दुर्मीळ गिधाडाने अशा ढोलीत घरटे केल्याची नोंद आहे. शिवाय मोठे झाड थांबलेले असते हा समज चुकीचा आहे. नेथन स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये अनेक जातींच्या मोजमापांतून दाखवले की झाड जितके मोठे, तितके ते दरवर्षी अधिक लाकूड घालते. दुसरी अडचण अधिक तातडीची आहे. हजार वर्षे मिळतील हे गृहीत धरता येत नाही. एकाच वयाच्या झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतात, साल पातळ असते आणि मधे फर वाढून जमिनीपासून शेंड्यापर्यंत आगीला शिडी मिळते. अशा दाटीत आग शिरली तर ती पायथ्यातून जात नाही, वरून जाते.

हे तर्कापुरते राहिलेले नाही. 1955 च्या मॅकगी वणव्याने या खोऱ्याचा एक भाग जाळला. 2015 च्या उन्हाळ्यात विजेने पेटलेला रफ वणवा दीड लाख एकरांवर पसरला आणि कॉनव्हर्स बेसिनमध्ये शिरला. बूल वृक्ष वाचला. पण त्यानंतरची वर्षे अधिक कठीण गेली. 2020 च्या कॅसल वणव्यात आणि 2021 च्या दोन वणव्यांत सिएरातल्या एकूण मोठ्या सिकोयांपैकी 13 ते 19 टक्के नष्ट झाले, असा उद्यान खात्याचा अंदाज आहे. जी झाडे शेकडो आगींतून तरली होती, ती दीड शतकाच्या साचलेल्या इंधनात आणि वाढत्या दुष्काळात तरली नाहीत. कधीही न तोडलेल्या वनांची ही गत, तर एका वयाच्या तरुण वनाने किती दम धरावा?

म्हणून ‘आता तरी हात लावू नका’ हा शेवटचा, आणि सद्भावनेतून येणारा, आक्षेपही मला मान्य करता येत नाही. त्यामागचा अविश्वास मात्र मी समजू शकतो. 1935 मध्ये कॉनव्हर्स बेसिनची जमीन सरकारच्या वन खात्याने विकत घेऊन सिकोया राष्ट्रीय वनात घातली. पण 1980 च्या दशकात याच वन खात्याने इतर वनांत सिकोयांच्या भोवतीचे पाइन आणि फर विक्रीसाठी तोडू दिले आणि राखलेले मोठे सिकोया उघड्यावर पडले. सिएरा क्लब या निसर्गरक्षक संस्थेने न्यायालयात दाद मागितली, 1990 मध्ये तडजोड झाली, 1992 मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुश यांनी या वनांना संरक्षण जाहीर केले आणि 15 एप्रिल 2000 रोजी क्लिंटन यांनी सव्वातीन लाख एकरांहून अधिक क्षेत्राचे जायंट सिकोया राष्ट्रीय स्मारक घोषित केले. कॉनव्हर्स बेसिन त्यात आहे. ज्यांनी हा लढा दिला त्यांना पुन्हा करवतीचा आवाज ऐकवत नसेल तर नवल नाही. तरी फरक ओळखता येतो. विक्रीसाठीची तोड मोठे लाकूड शोधते. विरळणी मोठे ठेवते आणि दाटीतले बारीक काढते, आणि तिच्यानंतर मोजूनमापून लावलेली आग आली नाही तर ती अपुरी ठरते. रिचर्ड हार्टेसवेल्ट यांनी 1960 च्या दशकात शेजारच्या रेडवुड माउंटन वनात आगीशिवाय सिकोयाची रोपे उगवत नाहीत हे दाखवले, आणि 1968 पासून सिकोया-किंग्ज कॅनियन उद्यानांत मुद्दाम आग लावण्याचे काम सुरू झाले. म्हणजे पद्धत माहीत आहे, सुमारे साठ वर्षे माहीत आहे. वन खात्याने 2022 मध्ये डझनभर वनांत तातडीने इंधन कमी करण्याची कामे जाहीर केली, तीही 2020 आणि 2021 च्या राखेनंतर.

कॉनव्हर्स बेसिनमध्ये हे काम वेगळ्या हेतूने व्हायला हवे. जुन्या वनात आग लावायची ती असलेली रचना टिकवण्यासाठी, इथे ती रचना घडवण्यासाठी लागेल. शंभर-सव्वाशे वर्षांच्या दाटीत ठिगळे मोकळी करावी लागतील, त्यांत नवी रोपे येऊ द्यावी लागतील, वीस-तीस वर्षांनी पुन्हा दुसरीकडे तेच करावे लागेल, म्हणजे एका वयाच्या जागी दोन, मग तीन वये होतील. यात काही तरुण सिकोया जातील आणि त्याला विरोध होईल. माझ्या मते तो विरोध पत्करावा. आणि खात्याने या खोऱ्यातल्या प्रगतीचा अहवाल देताना किती झाडे उभी आहेत हे सांगून थांबू नये. प्रत्येक ठिगळात वये कशी वाटली गेली आहेत आणि शेवटची हलकी आग कोणत्या वर्षी गेली, हे नकाशावर मांडावे. कारण पुढचा रफसारखा वणवा आला की कोणते सिकोया उभे राहतील, हे त्या दोन नोंदींवरून बरेचसे आधीच सांगता येईल.